खानदेशातील स्त्रीमुक्तिविचार

खानदेशातील स्त्रीमुक्तिविचार : स्त्री व पुरुष यांच्या सामाजिक दर्जात आढळणारी विषमता निसर्गसिद्ध नसून मानवनिर्मित आहे आणि म्हणून ती दूर करता येते, या भूमिकेस सामान्यपणे स्त्रीमुक्तिवाद किंवा स्त्रीवाद असे म्हणतात. ही भूमिका एकसंध नाही. विषमतेचे मूळ अज्ञानात आहे, धर्मशास्त्रात आहे, जातिव्यवस्थेत आहे, जमिनीच्या मालकीत आहे की कुटुंबातील सत्तासंबंधांत आहे, याविषयी तिच्या पुरस्कर्त्यांमध्येच तीव्र मतभेद आहेत. महाराष्ट्रातील या मतभेदांचा इतिहास बहुधा पुणे व मुंबई येथील ग्रंथ, नियतकालिके आणि संस्था यांच्या आधारे सांगितला जातो. खानदेशात मात्र हेच मतभेद शेतमजुरी, दारूचे गुत्ते, चित्रपटगृह आणि सातबाराचा उतारा अशा प्रत्यक्ष प्रश्नांच्या रूपाने पुढे आले. त्यामुळे कोणते तत्त्व व्यवहारात कोठवर टिकते, हे पाहण्यास हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो.

प्रदेश व स्त्रीजीवन : तापी, गिरणा, पांझरा व त्यांच्या उपनद्यांच्या खोऱ्यांचा हा प्रदेश ब्रिटिश अमदानीत प्रथम एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे करण्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. पूर्वेकडील सपाट काळ्या जमिनीत कापूस व केळी ही नगदी पिके होतात, तर सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल, पावरा इ. आदिवासींची वस्ती आहे. गिरणाकाठच्या भडगाव, पाचोरा, चाळीसगाव यांसारख्या तालुक्यांत निंदणी, खुरपणी व कापसाची वेचणी ही कामे प्रामुख्याने स्त्रियाच करतात. नांगर, बैलजोडी, बाजार व पैसा यांचा व्यवहार मात्र परंपरेने पुरुषांकडे राहिला आहे. श्रम स्त्रीचे व मालकी पुरुषाची, ही येथील कृषिजीवनातील मूळ विसंगती होय. पुढील सर्व वादांच्या तळाशी ती कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते.

एकोणिसाव्या शतकातील वाद : जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. तिच्यामागे स्त्री आणि शूद्रातिशूद्र यांची गुलामगिरी एकाच व्यवस्थेतून निर्माण झाली आहे, हा विचार होता. खानदेशाला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या पुस्तकात, स्त्रियांवर लादले जाणारे दोष पुरुषांत अधिक प्रमाणात आढळतात, असे सडेतोडपणे दाखवून दिले. सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने स्त्रीजातीवर जी टीका झाली, ती या लेखनाचे निमित्त होती. पुस्तकावर कठोर टीका झाली तेव्हा जोतीरावांनी सत्सारच्या दुसऱ्या अंकात (१८८५) ताराबाईंची बाजू घेतली. सत्यशोधकांच्या वर्तुळातही स्त्रीचे स्वतंत्र बोलणे सहजासहजी मान्य होत नव्हते, हे या प्रसंगावरून दिसते.

सुधारकांमध्येही एकवाक्यता नव्हती. गोपाळ गणेश आगरकर यांनी स्त्रियांना पुरुषांसारखेच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, असे प्रतिपादन केले. पती दादाजी भिकाजी यांच्या घरी नांदण्यास रखमाबाईंनी नकार दिल्यावर उभा राहिलेला खटला (१८८४–८८) आणि त्यानंतरचा संमतिवयाचा कायदा (१८९१) या दोन्ही प्रसंगी लोकमान्य टिळकांनी सुधारकांस विरोध केला. परकी सरकारने कायद्याच्या बळावर धर्माचारात हात घालू नये, हे टिळकांच्या युक्तिवादाचे सूत्र होते. संमतिवय मात्र दहावरून बारावर आले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. पण स्त्रीचे कार्यक्षेत्र मुख्यतः गृह व मातृत्व हे असल्याने तिचा शिक्षणक्रम काहीसा वेगळा असावा, ही त्यांची धारणा आगरकरांच्या भूमिकेहून निराळी होती. समान शिक्षण की अनुरूप शिक्षण, हा वाद तेव्हापासून सुरू झाला.

विवाहसंस्था व मातृत्व : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या आयुष्याची अखेर धुळ्यात झाली. आज ज्या स्वरूपात विवाह पवित्र मानला जातो, ते स्वरूप अनादी नसून स्त्रीपुरुषसंबंध अनेक अवस्थांतून बदलत आले आहेत, असे त्यांनी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरील आपल्या लेखनात प्राचीन वाङ्मयाच्या आधारे दाखविले. राजवाडे स्त्रीमुक्तीचे प्रचारक नव्हते. तथापि विवाहसंस्थेला इतिहास आहे, हे मान्य केले की ती बदलू शकते हेही मान्य करावे लागते. पुढील काळातील विचारवंतांनी या निष्कर्षाचा उपयोग करून घेतला.

याच प्रदेशात अंमळनेर येथे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई लिहिली. तीत मातेच्या त्यागास सर्वोच्च नैतिक स्थान दिलेले आहे. या आदर्शाने मराठी मनावर खोल ठसा उमटविला. मात्र त्यागाचा गौरव करता करता त्यागाची सक्ती झाकली जाते, असा आक्षेप उत्तरकालीन स्त्रीवाद्यांनी मातृत्वाच्या अशा उदात्तीकरणावर घेतला. जळगावजवळच्या आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची कविता या दोन टोकांच्या मध्ये उभी आहे. त्या निरक्षर होत्या व त्यांना तरुणपणीच वैधव्य आले. शेत, जाते, सासर-माहेर व नशीब यांविषयी त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत बंडाची भाषा नाही. परंतु कष्टकरी स्त्रीची स्वतंत्र बुद्धी व पुरुषावर विसंबून न राहणारी धारणा त्यांत स्पष्टपणे आढळते. त्यांना स्त्रीवादी म्हणावे काय, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे.

शहादा : वर्ग आणि स्त्री : शहादा तालुक्यात (पूर्वीचा धुळे, विद्यमान नंदुरबार जिल्हा) सावकार व मोठे बागायतदार यांच्याकडे गेलेल्या जमिनी आणि सालदारांची पिळवणूक यांविरुद्ध १९७१ च्या सुमारास आदिवासींचे संघटन सुरू झाले. सर्वोदयी प्रभावाखाली काम करणारे भिल्ल नेते अंबरसिंग सुरतवंती व शहरांतून आलेले तरुण कार्यकर्ते यांच्या सहकार्यातून १९७२ मध्ये श्रमिक संघटना उदयास आली. त्यानंतरच्या दुष्काळात मोर्चे, घेराव व मजुरीची बोलणी यांत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने, अनेकदा त्यांच्या पुढे होत्या.

स्त्रियांची स्वतंत्र शिबिरे भरू लागली, तेव्हा मजुरीखेरीज निराळा प्रश्न पुढे आला. नवरे दारू पितात, मजुरी गुत्त्यावर जाते व रात्री मारहाण होते, असे स्त्रियांनी सांगितले. त्यांनी गावोगाव जथ्याने जाऊन दारूची मडकी फोडली, गुत्ते बंद पाडले आणि पत्नीस मारणाऱ्यांस सर्वांसमक्ष जाब विचारला. यातून एक तात्त्विक पेच निर्माण झाला. वर्गलढ्यात पती व पत्नी एकाच बाजूला असतात. मग घरातील मारहाणीचा प्रश्न उपस्थित केल्याने श्रमिकांची एकी भंगते काय? वर्गीय शोषण संपल्यावर स्त्रीचे दास्य आपोआप संपेल, अशी पारंपरिक डाव्या पक्षांची धारणा होती. शहाद्याच्या अनुभवाने तिला छेद दिला. ज्यांना घरातून बाहेर पडण्याचीच मोकळीक नाही, त्या स्त्रिया लढ्यात उतरू शकत नाहीत; म्हणून घरातील प्रश्न हा लढ्याचाच प्रश्न होय, असे उत्तर तेथील स्त्रियांनी आपल्या कृतीने दिले.

हाच अनुभव शहरी स्त्रीवादासही मर्यादा दाखविणारा होता. शहरांत हुंडा हा मुख्य प्रश्न मानला जात होता. भिल्ल समाजात मात्र वराकडून वधूपित्यास देज देण्याची रीत आहे आणि काडीमोड व पुनर्विवाह यांस पांढरपेशा समाजासारखी आडकाठी नाही. असे असूनही वडिलांच्या जमिनीत मुलीला वाटा मिळत नसे आणि एखाद्या स्त्रीला डाकीण ठरवून तिचा छळ होई. म्हणजे वैवाहिक स्वातंत्र्य काही प्रमाणात असले, तरी त्यामुळे समता येतेच असे नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केले. त्यापूर्वीच, १९७४ मध्ये, भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयी नेमलेल्या समितीने सादर केलेल्या अहवालाने स्त्रियांची पीछेहाट आकडेवारीनिशी मांडली होती. ऑक्टोबर १९७५ मध्ये पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. तीत शहरी मध्यमवर्गीय स्त्रियांबरोबर ग्रामीण कष्टकरी स्त्रियाही होत्या. दुष्काळी कामांतून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेत स्त्रीपुरुषांना समान दराचे तत्त्व स्वीकारण्यात आले आणि १९७६ मध्ये समान वेतनाचा केंद्रीय कायदा झाला. खाजगी शेतावर मात्र ‘बाईची मजुरी’ व ‘गड्याची मजुरी’ असा भेद पुढेही टिकून राहिला.

जात, वर्ग व स्त्रीदास्य : धुळे येथील विचारवंत व कार्यकर्ते शरद पाटील (१९२५–२०१४) यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. भारतीय समाजाचे आकलन केवळ वर्गाच्या आधारे होत नाही. जात व स्त्रीदास्य यांचा अंत हाही क्रांतीचा तितकाच मूलभूत भाग होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. दासशूद्रांची गुलामगिरी या ग्रंथात व अन्य लेखनात त्यांनी वैदिक व प्राच्यविद्याविषयक साधनांचा अभ्यास करून, शेतीचा शोध स्त्रियांनी लावला आणि प्राचीन काळी मातृसत्ताक गणसमाज व स्त्रीराज्ये होती, असा सिद्धांत मांडला. कुलाचे मातृवंशीय असणे आणि सत्ता स्त्रीच्या हाती असणे या दोन निराळ्या गोष्टी होत, असा आक्षेप या सिद्धांतावर घेण्यात येतो. तथापि जात, वर्ग व लिंगभाव यांचा एकत्रित विचार करण्याचा आग्रह महाराष्ट्रात ज्यांनी प्रथम धरला, त्यांत पाटील यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

दलित स्त्रियांनी हाच प्रश्न स्वानुभवातून मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रेरणेने दलित स्त्रियांच्या परिषदा भरत होत्या. १९४२ मध्ये नागपूर येथे अशी मोठी परिषद झाली. हिंदू संहिता विधेयक मार्गी लागत नाही, हे आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देण्याचे एक प्रमुख कारण होते. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या आम्हीही इतिहास घडवला (१९८९) या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचे कार्य नोंदविले. सर्व स्त्रिया भगिनी आहेत, या घोषणेत सवर्ण स्त्रीचा अनुभवच सर्वांचा म्हणून गृहीत धरला जातो, तर दलित चळवळीत पुरुषाचा अनुभव सर्वांचा मानला जातो, अशी दुहेरी टीका १९९० नंतरच्या दशकात दलित स्त्रीवादाने केली. ८ मार्चबरोबरच, १९२७ मध्ये ज्या दिवशी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले तो २५ डिसेंबर हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळण्याची प्रथा याच काळात रूढ झाली.

धर्म व नागरिकत्व : मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न महाराष्ट्रात हमीद दलवाई यांनी ऐरणीवर आणला. १९६६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधान भवनावर मोर्चा नेला व तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांच्या बंदीची मागणी केली. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. जळगाव येथे १९८२ च्या सुमारास मुस्लिम स्त्रियांनी चित्रपटगृहात जाऊ नये, असे बंधन स्थानिक समाजधुरीणांनी घातले. पुरुषांवर असे बंधन नव्हते. छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या कार्यकर्त्या रझिया पटेल यांनी या बंदीविरुद्ध लढा उभारला. मागणी वरवर पाहता किरकोळ वाटते. वस्तुतः स्त्रीने कोठे जावे हे ठरविण्याचा अधिकार समाजाच्या प्रमुखांना आहे की भारतीय नागरिक म्हणून तो तिचा तिलाच आहे, हा यातील खरा प्रश्न होता.

या वादाची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. अल्पसंख्य समाजातील अंतर्गत सुधारणेची मागणी बहुसंख्याकांच्या राजकारणाला सोयीची ठरते आणि त्यामुळे समाज अधिकच बंदिस्त होतो, असा युक्तिवाद करण्यात येतो. शाहबानो खटल्याचा निकाल (१९८५) व त्यानंतरचा १९८६ चा कायदा यांमुळे हा पेच देशभर तीव्र झाला. प्रारंभी समान नागरी कायद्याचा आग्रह धरणाऱ्या अनेक स्त्रीसंघटनांनी १९९० नंतर आपली भूमिका बदलली व सर्वच धर्मांच्या कायद्यांत स्त्रियांना न्याय्य असे बदल व्हावेत, या मागणीवर भर दिला. अन्य संघटनांच्या मते ही माघार होती.

मालमत्ता : चांदवड व विटनेर : शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये खानदेशाच्या सीमेवरील चांदवड (जि. नाशिक) येथे भरले. ग्रामीण स्त्रियांचा एवढा विशाल मेळावा महाराष्ट्राने तोवर क्वचितच पाहिला होता. शेतीतील वरकड उत्पादनाच्या लुटीतून हिंसा व असुरक्षितता निर्माण झाली आणि तीतून स्त्रीचे बंदिस्त जीवन घडले, अशी जोशी यांची मीमांसा होती. या व्यवस्थेत पुरुषाचेही माणूसपण उणावले, असे ते मानीत. स्त्रियांच्या प्रश्नासाठी पुरुषांना शत्रू मानण्याची गरज नाही, हा त्यांचा निष्कर्ष नागर स्त्रीवाद्यांपैकी अनेकांना मान्य झाला नाही.

या विचारातून लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. शेतकऱ्याने स्वेच्छेने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, असे तीत आवाहन होते. जळगाव जिल्ह्यातील विटनेर या गावी १९८९ मध्ये सर्व सदस्य स्त्रिया असलेली ग्रामपंचायत निवडून आली आणि पुढे तेथील शंभराहून अधिक स्त्रियांच्या नावे जमीन झाली. हा प्रयोग दोन कारणांनी चर्चेचा विषय ठरला. समर्थकांच्या मते, कायद्याने अनेक वर्षांत जे साधले नाही ते लोकांच्या संमतीने एका गावात साधले. टीकाकारांच्या मते, पतीच्या इच्छेने मिळालेली जमीन हे दान होय, हक्क नव्हे. मुलगी व बहीण या नात्याने जो वाटा तिला मिळावयास हवा, त्याला या मोहिमेने स्पर्श केला नाही.

हा आक्षेप कायद्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस पित्याच्या मालमत्तेत वाटा दिला. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मालमत्तेत तिला जन्मसिद्ध हिस्सेदार मानले नाही. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने हा हक्क मर्यादित स्वरूपात दिला व २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला. पिता २००५ मध्ये हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. व्यवहारात मात्र बहिणीने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याची रीत प्रचलित आहे. वाटा मागितला तर माहेर तुटेल ही भीती तिच्यामागे असते. तिला काही अभ्यासक नात्यातील तडजोड मानतात, तर काही सक्तीचेच सौम्य रूप मानतात.

अन्य मतप्रवाह : समतेच्या कल्पनेलाच पर्याय देणारा एक प्रवाह महाराष्ट्रात आहे. लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ मध्ये वर्धा येथे स्थापन केलेल्या राष्ट्र सेविका समितीने स्त्रीकडे प्रामुख्याने राष्ट्राची माता व कुटुंबाचा आधार या दृष्टीने पाहिले. स्त्री व पुरुष परस्परपूरक आहेत, प्रतिस्पर्धी नव्हेत, आणि हक्कांपेक्षा कर्तव्याचा विचार प्रथम व्हावा, असे या प्रवाहाचे मत आहे. पूरकतेच्या कल्पनेत कामाची वाटणी कोण ठरवितो हा प्रश्न अनुत्तरित राहतो, असे यावर स्त्रीवाद्यांचे उत्तर असते.

राजकीय प्रतिनिधित्वाविषयीही मतभेद आहेत. जळगाव जिल्ह्यातील प्रतिभा पाटील १९६२ मध्ये प्रथम विधानसभेवर निवडून आल्या आणि २००७ मध्ये भारताच्या पहिल्या स्त्री राष्ट्रपती झाल्या. स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी १९९३ च्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागा राखीव झाल्या व महाराष्ट्रात २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेण्यात आले. सत्तास्थानी स्त्रिया आल्याने धोरणे बदलतात, असे एक मत. तर पत्नीच्या नावे पतीच कारभार पाहतो, असे दुसरे. अनुभव दोन्ही मतांना काही अंशी दुजोरा देणारा आहे.

हिंसा व गर्भलिंगनिदान : पोलीस कोठडीत आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या मथुरा प्रकरणात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविल्यावर देशभर आंदोलन झाले व १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. जळगाव येथे १९९४ मध्ये स्त्रियांच्या लैंगिक शोषणाचे मोठे प्रकरण उघडकीस आले; तेव्हा अनेक पीडित स्त्रिया बदनामीच्या भयाने साक्षीस पुढे आल्या नाहीत. अब्रू ही स्त्रीच्या देहात असते, ही समजूत कायम असेतो केवळ कडक कायदा अपुरा पडतो, हे त्यावरून दिसून आले.

गर्भलिंगनिदानास आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात ८९४, तर जळगाव जिल्ह्यात केवळ ८४२ होती. सुपीक जमीन, नगदी पिके व शिक्षणसंस्था असलेल्या जिल्ह्यात ही घट व्हावी, ही बाब चिंतनीय आहे. शिक्षण व समृद्धी यांच्यामागून समता येईल, या एकोणिसाव्या शतकापासूनच्या विश्वासाला तिने धक्का दिला. या संदर्भात स्त्रीवाद्यांपुढेही अवघड प्रश्न उभा राहिला : गर्भपात हा स्त्रीचा हक्क मानावयाचा आणि लिंगनिवडीस मात्र बंदी घालावयाची, हे कसे जुळवावे? मुलगी नको हा निर्णय स्त्रीचा स्वतःचा नसून बहुधा तिच्यावरील दडपणाचा असतो, हे याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर होय.

मूल्यमापन : खानदेशातील या घडामोडींवरून असे दिसते, की स्त्रीमुक्तीविषयीचे मतभेद समता इष्ट आहे की नाही याविषयी जितके आहेत, त्याहून अधिक विषमतेचे मूळ कोठे आहे याविषयी आहेत. शहाद्याच्या आदिवासी स्त्रीस ते गुत्त्यात व मारहाणीत दिसले, जळगावच्या मुस्लिम तरुणीस संचारावरील बंधनात, दलित स्त्रीस जातीत व विटनेरच्या शेतकरी स्त्रीस सातबारावरील नावात. यांपैकी कोणतेही निदान चुकीचे नव्हते. एकेकटे घेतले असता प्रत्येक अपुरे ठरले. मजुरी वाढली तरी मारहाण थांबत नाही, शिक्षण वाढले तरी मुलगी नकोशीच राहते आणि कायदा झाला तरी हक्कसोडपत्र लिहिले जाते.

भडगावसारख्या तालुक्यात कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीस व त्याच शेताच्या मालकाच्या पत्नीस स्त्री या नात्याने समान असे काही सोसावे लागते. परंतु मजुरीचा दर ठरविताना त्या एकमेकींच्या समोर असतात. तो दर ठरविणाऱ्या घरातील पत्नीचे नावही पुष्कळदा जमिनीवर नसते. स्त्रीमुक्तीच्या कोणत्याही विचाराला ही दोन्ही वास्तवे एकाच वेळी ध्यानात घ्यावी लागतात.